किती वॅटचा आहे?

ॲम्प्लिफायर म्हटला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला. किती वॅटचा आहे? मोटरसायकलला ॲव्हरेज, फ्लॅटला स्क्वेअर फूट, होणाऱ्या जावयाला पगार, तसा ॲम्पला वॅट. एकदा आकडा कळला की माणूस सुखावतो, पुढचं काही विचारत नाही. स्पीकरच्या बाबतीतही हाच प्रश्न, आणि तिथे तर तो आणखीनच गमतीचा, कारण स्पीकर वॅट देत नाही, खातो! पण "शंभर वॅटचे स्पीकर" म्हटलं की ते शंभर वॅटचा आवाज काढतात असं आपण खुशाल धरून चालतो.

मधे काही कारणाने (ते पुढे येईलच) मी या वॅटच्या मागे लागलो होतो. वाचता वाचता लक्षात आलं की घरगुती ध्वनियंत्रांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे बागेतला सी-सॉ आहे. एका टोकाला ॲम्प, दुसऱ्या टोकाला स्पीकर. स्पीकर थोडक्या विजेत भागवणारा असला की ॲम्प छोटा चालतो, स्पीकर खादाड झाला की ॲम्प फुगतो. आपण मात्र एकाच टोकाचा आकडा विचारतो.

आधी थोडं गणित. कंटाळू नका, एवढंच आहे. चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकात कुठेतरी बारीक अक्षरात ८८ डेसिबल, ९० डेसिबल असं लिहिलेलं असतं. म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर एवढा आवाज. याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. वॅट दुप्पट केले की यात फक्त ३ डेसिबलची भर पडते, आणि ३ डेसिबल म्हणजे कानाला "हं, वाढला वाटतं" इतकाच फरक. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट. तेव्हा पन्नासऐवजी शंभर वॅटचा ॲम्प घेतला तर फरक जेमतेम. पण ८८ ऐवजी ९८ डेसिबलचा स्पीकर घेतला तर दहा वॅटचा ॲम्प शंभर वॅटचं काम करतो. दुसरी एक गोष्ट ऐकून मी चाट पडलो होतो. ९२ डेसिबलचा स्पीकर म्हणजे मिळालेल्या विजेतली साधारण एक टक्का वीज आवाजात बदलणारा स्पीकर. एक टक्का! उरलेल्या नव्व्याण्णव टक्क्यांची उष्णता होते. आपल्या दिवाणखान्यातले बहुतेक स्पीकर याच्याही खाली असतात, म्हणजे खरं तर ते छोटे हीटरच म्हणायचे, मधूनमधून गाणारे.

तर, गोष्ट सुरू होते १९२५ साली. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी एक शोधनिबंध सादर केला. कागदाचा शंकू, त्याच्या मागे तारेचं वेटोळं, वेटोळं चुंबकाच्या फटीत. वेटोळ्यातून वीज गेली की ते मागेपुढे होतं आणि शंकू हवा हलवतो. आज आपल्याकडच्या कुठल्याही स्पीकरची जाळी काढा, आत हेच दिसेल. शंभर वर्षांत साहित्य सुधारलं, मूळ कल्पना तीच. तोपर्यंत रेडिओला जे कर्णे असायचे ते म्हणजे टेलिफोनच्या रिसीव्हरला तुतारी जोडावी तसला प्रकार होता. राइस-केलॉग यांचा शंकू ऐकायला फारच सरस, पण त्याला वीज जास्त लागायची, आणि त्या वेळच्या रेडिओमधून ती मिळायची नाही. मग त्यांनी काय केलं? स्पीकरबरोबर ॲम्पही बनवला! १९२६ मध्ये आरसीएने 'रेडिओला १०४' नावाने हा स्पीकर विकायला काढला तेव्हा त्याच्या पेटीतच साधारण एक वॅटचा ॲम्प बसवलेला होता. जोडी जुळवायचा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला आणि या गृहस्थांनी लग्न लावूनच वधूवर बाजारात आणले.

याच सुमारास सिनेमा बोलायला लागला होता. १९२६ मध्ये न्यूयॉर्कला 'डॉन वॉन' हा ध्वनी जोडलेला चित्रपट लागला. पाच वर्षांनी, १४ मार्च १९३१ ला, मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' आला आणि १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. आता विचार करा, शेकडो माणसांचं थिएटर, आणि ॲम्प वॉल्व्हचे. मोठी ताकद बनवणं म्हणजे महागडं काम. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा लहान थिएटरांसाठी बनवलेला १९३० च्या दशकातला एक नावाजलेला ॲम्प होता, त्यात शेवटी एकच ३०० जातीचा वॉल्व्ह. ताकद किती? साधारण आठ वॅट. आज मुलं सहलीला घेऊन जातात तो ब्लूटूथचा डबासुद्धा याहून जास्त वॅट सांगतो!

हे जमायचं ते कर्ण्यामुळे. कर्णा म्हणजे नुसती सजावट नव्हे. छोट्या पडद्याची हालचाल आणि मोकळी हवा यांची पकड नीट बसत नाही, पडदा हलतो आणि हवा बाजूने निसटते. हळूहळू रुंद होत जाणारा कर्णा ही पकड बसवून देतो, गाडीला गिअर असतो तसं समजा. शंकूच्या स्पीकरमध्ये एक टक्का हाती लागत असेल तर चांगल्या कर्ण्यात वीस-तीस टक्के लागतात. वॅट महाग होते म्हणून सगळी हुशारी स्पीकरमध्ये ओतली होती.

हे तत्त्व आपल्याला नवीन नाही बरं. लग्नघरी झाडावर बांधलेला तो ॲल्युमिनियमचा भोंगा आठवा. खाली मोटारीच्या बॅटरीवर चालणारा ॲम्प, वॅट फार तर वीस-तीस, आणि पंचक्रोशीला खबर की अमक्याकडे कार्य आहे. कर्ण्याची कमाल! फक्त त्यात खालचे सूर नसायचे. खोल स्वर काढायला कर्ण्याचं तोंड फार मोठं लागतं, भोंग्याचं तेवढं कुठून असणार? म्हणून भोंग्यावर सनई झकास वाजायची, पण तबल्यातला डग्गा कुठे गायब व्हायचा कळायचं नाही. सगळा ठेका चाटीवरच.

हा खालच्या सुरांचा प्रश्न घरात कसा सोडवायचा? आर्कान्सामधल्या होप नावाच्या छोट्या गावातल्या पॉल क्लिप्शने १९४६ मध्ये याला तोड काढली. त्याने भला थोरला कर्णा घडी घालून कपाटाएवढ्या पेटीत बसवला आणि ती पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवायला सांगितली, म्हणजे दोन भिंती आणि जमीन मिळून कर्ण्याचा पुढचा भाग तयार! खोलीच वाद्याचा भाग केली. या 'क्लिप्शहॉर्न'ची सेन्सिटिव्हिटी शंभराच्या वर आहे. देशाला गरज आहे ती चांगल्या पाच वॅटच्या ॲम्पची, असं क्लिप्श म्हणायचा असं सांगतात. त्याच्यापुरतं ते शंभर टक्के खरं होतं. अडचण एकच, कपाटाएवढी पेटी आणि रिकामा कोपरा. आमच्या घरात रिकामा कोपरा म्हणजे इस्त्रीचे कपडे आणि जुनी वर्तमानपत्रं, तेव्हा क्लिप्शसाहेब तिथे चालले नसते.

इंग्लंडमध्ये १९४७ साली डी. टी. एन. विल्यमसन याने 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात एका ॲम्पचा आराखडा छापला. ताकद १५ वॅट. जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी बांधला. १९५३ मध्ये क्वाड कंपनीचा प्रसिद्ध वॉल्व्ह ॲम्प आला, तोही १५ वॅट. घराला पंधरा म्हणजे भरपूर, अशी तेव्हा समजूत होती, आणि ती तेव्हाच्या स्पीकरांना धरूनच होती.

मग १९५४ मध्ये सी-सॉ उलटला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं वळण हेच. केम्ब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे एडगर व्हिलचर या शिक्षकाने आपला विद्यार्थी हेन्री क्लॉस याच्याबरोबर 'अकूस्टिक रिसर्च' नावाची कंपनी काढली. तोवर शंकूला मागे खेचायला शंकूच्या कडेचीच ताण असलेली घडी असायची. व्हिलचरने ती एकदम सैल केली, पेटी हवाबंद केली, आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंग केलं. हवेची स्प्रिंग कागद-कापडाच्या स्प्रिंगपेक्षा जास्त सरळमार्गी. निकाल असा की पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटीतून फ्रिजएवढ्या पेटीचे खर्ज सूर यायला लागले. लोकांचा विश्वास बसेना.

पण फुकट काही मिळत नाही. खोल सूर, लहान पेटी आणि कमी विजेत मोठा आवाज, या तीनपैकी कोणतेही दोन घ्या, तिसरा सोडा. याला हॉफमनचा पोलादी नियम म्हणतात. जोसेफ अँटन हॉफमन हा क्लॉसचा पुढच्या कंपनीतला भागीदार, प्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमनचा मुलगा. नियम किती कडक आहे बघा. पेटी तेवढीच ठेवून स्पीकरला एक सप्तक खाली न्यायचं असेल, म्हणजे ८० हर्ट्झऐवजी ४० पर्यंत, तर कार्यक्षमता आठव्या हिश्श्यावर येते. त्याच आवाजाला आठपट वॅट! व्हिलचरच्या पेटीला वीस-पंचवीस वॅट तरी हवेत असं झालं. त्यात १९५८ पासून स्टिरिओच्या तबकड्या बाजारात आल्या. आता एक नाही, दोन पेट्या दिवाणखान्यात मावायला हव्यात. क्लिप्शसाठी दोन कोपरे कोण मोकळे करणार? लहान पेटी जिंकली, आणि तिच्या मागोमाग मोठा ॲम्प आला. १९५९ मध्ये डायनाकोचा ॲम्प आला, दोन्ही बाजूंना प्रत्येकी ३५ वॅट, आणि किट घेऊन स्वतः जोडता येण्यासारखा.

वॅट वाढले ते तरुणांना धिंगाणा घालायचा होता म्हणून नव्हे, घरात जागा नव्हती म्हणून. ही गोष्ट मला फार आवडली.

साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आले, वॅट स्वस्त झाले. आणि स्वस्त झाल्याबरोबर खोटेही झाले! कुणी क्षणभराची ताकद छापायचा, कुणी डावं-उजवं एकत्र करायचा, कुणी आवाज फाटेपर्यंत ताणून मोजायचा. प्रत्यक्षात वीस वॅटचा ॲम्प जाहिरातीत शंभराचा. शेवटी १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला. सतत मिळणारी ताकद सांगा, किती ओहमला ते सांगा, कोणत्या सुरापासून कोणत्या सुरापर्यंत ते सांगा, विकृती किती ते सांगा. वर, मोजण्याआधी एक तास तो ॲम्प एक तृतीयांश ताकदीवर चालवा. ही शेवटची अट भारी खोचक होती. असे ॲम्प पूर्ण ताकदीपेक्षा मधल्या ताकदीवर जास्त तापतात, त्यामुळे लुकडी हीटसिंक लावलेल्यांचं पितळ (की ॲल्युमिनियम?) तासाभरात उघडं पडायचं.

त्यानंतर जी चढाओढ झाली ती खऱ्या वॅटची. १९७८ चा पायोनियरचा एक रिसीव्हर प्रत्येक बाजूला २७० वॅट द्यायचा. वजन पस्तीस किलोच्या आसपास! गंमत म्हणजे त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एनएडीचा ३०२० हा छोटा ॲम्प निघाला, फक्त २० वॅट, पण क्षणभरासाठी त्याहून बरंच जास्त देऊ शकणारा. संगीतात जोर क्षणभरच लागतो हे त्या लोकांनी ओळखलं होतं. तो प्रचंड खपला.

आणि जास्त वॅट म्हणजे स्पीकर सुरक्षित असंही नाही. क्वाडचा १९५७ चा स्थिरविद्युत स्पीकर घ्या. यात शंकू नाहीच, उच्च दाबाच्या विद्युतक्षेत्रात ताणलेली पातळ फिल्म. मानवी आवाजासाठी याहून स्वच्छ काही नाही असं अजूनही पुष्कळ लोक म्हणतात. पण मर्यादेबाहेर व्होल्टेज दिलं की आत ठिणगी पडायची आणि फिल्मला भोक. पंधरा वॅटच्या क्वाडबरोबर तो सुखाने नांदला. सत्तरच्या दशकात क्वाडनेच शंभर वॅटचा ॲम्प काढला, तेव्हा आपल्याच घरच्या जुन्या स्पीकरला जपण्यासाठी त्यात व्होल्टेजला लगाम घालायची सोय करावी लागली. सून आली आणि सासूबाईंचं पथ्य सांभाळावं लागलं, तसलं.

आता आपल्याकडचं. वॉल्व्हच्या रेडिओत शेवटचा वॉल्व्ह एकच असायचा आणि तो तीन-चार वॅट द्यायचा. त्यावर सगळा वाडा बिनाका ऐकायचा. त्यानंतरची आठवण म्हणजे पुण्याची तपकीर गल्ली आणि मुंबईचं लॅमिंग्टन रोड. '४४४०' नावाची आयसी ज्याने कधी सोल्डर केली नाही असा आमच्या पिढीतला हौशी माणूस विरळा! कंपनीच्या कागदावर तिची ताकद स्टिरिओत सहा-सहा वॅट, आणि दोन्ही बाजू एकत्र जोडल्या तर एकोणीस. दुकानात मात्र तिचा बोर्ड पन्नास, शंभर, वाटेल तेवढ्या वॅटचा.

नव्वदच्या दशकात तर पीएमपीओ आला. टू-इन-वनवर, कॉम्प्युटरच्या चिमुकल्या स्पीकरवर ८०० वॅट, १२०० वॅट. याची ठरलेली व्याख्याच नाही, त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या कल्पनाशक्तीप्रमाणे छापायचं. त्या डब्याला उलटं करावं तर मागे विजेचा वापर २५ वॅट! पुढून हजार बाहेर आणि मागून पंचवीस आत. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शाळेत शिकलेले आपण सगळे, पण डबा घेताना तो कुणाला आठवला नाही.

आता त्या 'काही कारणा'बद्दल. माझे मामा जाऊन दोन वर्षं झाली. त्यांनी हौसेने जोडलेले स्पीकर आणि एक वीस वॅटचा ॲम्प घरात आहे, मामी त्यावर रोज सकाळी भीमसेन, कुमार, माणिकबाई ऐकते. मधे आवाज खरखरायला लागला. एका दुकानदाराने येऊन पाहिलं आणि निदान केलं की स्पीकर शंभर वॅटचे, ॲम्प वीसचा, जोडी जुळत नाही. लहान ॲम्पने स्पीकर जळतात. दोनशे वॅटचा ॲम्प घ्या, नाहीतर हे जुने स्पीकर मला द्या, बदल्यात नवीन सेट देतो. मामीने मला फोन केला.

"अरे, तो म्हणतो हे जळतील. मग गेली तीस वर्षं काय करत होते?"

प्रश्न बिनतोड होता. पण दुकानदार पूर्ण खोटं बोलत होता असंही नाही. ॲम्पला त्याच्या ताकदीबाहेर पिळला की लहरींचे शेंडे कापले जातात. तेव्हा वीस वॅटचा ॲम्प जवळजवळ चाळीसपर्यंत वॅट ओकू शकतो. शिवाय खालचे सूर छताला टेकलेले असतात, पण आवाज वाढवत गेलं की वरचे सूर वाढतच राहतात, आणि ते सगळे जातात बिचाऱ्या ट्वीटरकडे. शंभर वॅटच्या स्पीकरमधला ट्वीटर सतत सोसू शकतो ते जेमतेम काही वॅट. पार्टीत रात्रभर बटण शेवटपर्यंत फिरवणाऱ्यांचे ट्वीटर असेच जातात. यावरून 'लहान ॲम्प धोकादायक' अशी म्हण झाली. धोकादायक तो पिळणारा हात असतो, आणि त्या हाताला दोनशे वॅट दिले तर तो आणखी लवकर जाळेल.

मामीचा हात कसा आहे ते बघायला मी रविवारी मीटर घेऊन गेलो. तिला म्हटलं, तू रोज लावतेस तसाच लाव. पुरिया लागला होता. स्पीकरच्या तारांवर मीटर लावला तर आकडा अर्ध्या व्होल्टच्या आसपास खालीवर होत होता. बारकाईचं मोजमाप नव्हे, पण अंदाजाला पुरे. आठ ओहमला अर्धा व्होल्ट म्हणजे वॅटचा साधारण बत्तिसावा भाग. तबल्याची कडक थाप सरासरीच्या शंभरपट धरली तरी तीन वॅट. विसाचा ॲम्प तिला सहापट पुरून उरतो. खरखर होती ती आवाजाच्या बटणाखालच्या झिजलेल्या पॉटची. तपकीर गल्लीत नवीन पॉट मिळाला, तिथल्याच एका कारागिराने बसवून दिला. खर्च रिक्षाच्या भाड्यापेक्षा थोडा जास्त. मामांच्या हातचे स्पीकर जागच्या जागी आहेत.

दोनशे वॅटचा ॲम्प मामीने घेतला असता तर बिघडलं काहीच नसतं, फक्त पैसे गेले असते. पण स्पीकर गेले असते तर ते परत आले नसते, आणि ते निव्वळ एका आकड्यापायी, याचा मला राग येतो.

अमेरिकेतल्या त्या १९७४ च्या नियमालाही मधल्या काळात फाटे फुटले होते. आधी एक तृतीयांशाची अट सौम्य झाली. मग होम थिएटरचे पाच-सात चॅनेल आले आणि एकच चॅनेल, एकाच सुराला, भरपूर विकृती चालवून मोजलेले वॅट पुठ्ठ्यावर यायला लागले. २०२४ मध्ये कमिशनने नियम पुन्हा आवळला. आठ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, विकृती एक टक्क्याच्या आत.

आमच्या भाच्याने विचारलंय की त्याने कितीचा घ्यावा. बाबा रे, आधी स्पीकरचे डेसिबल बघ, खोली केवढी ते बघ, आणि शेजारी कोण राहतं ते बघ. ८८ डेसिबलचे स्पीकर आणि आपली दहा बाय बाराची खोली असेल तर तीस-चाळीस खरे वॅट पुरेत. ८३-८४ चे अगदी छोटे, खादाड स्पीकर असतील तर थोडे जास्त. मामीसारखं मोजून बघायचं असेल तर माझा मीटर घेऊन जा. फक्त तो एसी व्होल्टवर ठेव, डीसीवर नको, नाहीतर शून्यच दिसेल आणि तू मला रात्री अकराला फोन करशील.